सर्व्हर बंद करून चालू केला आणि डिस्क गायब: पॉवर सर्व्हरवर व्हर्च्युअल स्टोरेज अडॅप्टर कसे लावायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयबीएमचा एक पॉवर सर्व्हर, त्यावर इतरांना डिस्क वाटून देणारे दोन व्हर्च्युअल आयओ सर्व्हर (यापुढे नुसतं व्हायोस म्हणतो), आणि एचएमसीवरून (सर्व्हर सांभाळायचा वेगळा कन्सोल) सांभाळलेले आठ एआयएक्स एलपार (पार्टिशन, म्हणजे सर्व्हरचे स्वतंत्र तुकडे; त्यांच्यावर आयबीएमची एआयएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम). बूट डिस्क व्हर्च्युअल स्कझीवर, डेटाबेसच्या डिस्क व्हर्च्युअल फायबर चॅनेलवर. त्यातल्या एका एलपारला सहा महिन्यांपूर्वी चालू असतानाच दोन जास्तीचे फायबर चॅनेल अडॅप्टर दिले. मधे दोनदा रीबूट झाला, काही बिघडलं नाही. परवा देखभालीसाठी एलपार पूर्ण बंद केला, प्रोफाइल (एचएमसीवर जतन केलेली एलपारची मांडणी) निवडून पुन्हा चालू केला, आणि त्या दोन अडॅप्टरवरच्या सगळ्या डिस्क नाहीशा झाल्या. अडॅप्टर जागेवर दिसतात, स्लॉट नंबर तेच, व्हायोसवरचं मॅपिंगही तेच. जोडीला दुसरा प्रश्न: नवीन एलपार करताना हे अडॅप्टर आखायचे कसे, स्कझी घ्यावं की फायबर चॅनेल?

आधी डिस्क परत आणू, मग आखणीकडे वळू. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलसमोर बसणाऱ्याला ती लगेच ओळखू येतील.

तुमचे अडॅप्टर तेच नाहीत. दिसायला तेच आहेत, एवढंच. व्हर्च्युअल फायबर चॅनेलचा क्लायंट अडॅप्टर तयार होतो त्या क्षणी त्याला दोन डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे फायबर चॅनेलच्या जाळ्यातले स्वतःचे पत्ते, मिळतात. हे पत्ते सी०५०७६ ने सुरू होतात आणि एकदा दिलेली जोडी आपणहून पुन्हा दिली जात नाही. तुम्ही अडॅप्टर पुसून त्याच स्लॉटमध्ये, त्याच नावाच्या एलपारला, त्याच व्हायोसशी जोडून परत केला तरी मिळणारे पत्ते नवीनच असतात. आणि फायबर चॅनेल स्विचवरचं झोनिंग (कुठल्या पत्त्याने कुणाशी बोलायचं), स्टोरेजवरचं लन मास्किंग (कुठल्या पत्त्याला कुठलं लन, म्हणजे स्टोरेजने दिलेली डिस्क, दिसावी) यांना स्लॉटशी काही देणंघेणं नसतं. त्यांना फक्त पत्ता कळतो.

आता सहा महिन्यांपूर्वी काय झालं असेल ते बघा. चालू एलपारला अडॅप्टर दिले, म्हणजे डीएलपार केलं. त्या वेळी पत्त्यांची पहिली जोडी जन्माला आली. स्टोरेजच्या माणसाने तीच झोनमध्ये घातली, डिस्क आल्या, सगळे खूश. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की डीएलपारने केलेला बदल चालू कॉन्फिगरेशनमध्ये आहे, प्रोफाइलमध्ये नाही. त्याने प्रोफाइल उघडून तेच दोन अडॅप्टर, तेच स्लॉट टाकून हाताने भरले. हेतू चांगला, पण एचएमसीच्या दृष्टीने ते नवीन अडॅप्टर झाले आणि प्रोफाइलमध्ये पत्त्यांची दुसरी जोडी जाऊन बसली.

मग दोन रीबूटमध्ये हे का उघड झालं नाही? कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतून केलेल्या रीबूटमध्ये एलपार प्रोफाइल वाचतच नाही, हायपरव्हायजरकडे (सर्व्हरचे तुकडे पाडून सांभाळणारा थर) असलेलं चालू कॉन्फिगरेशन घेऊनच परत उठतो. प्रोफाइल वाचलं जातं ते एलपार पूर्ण बंद करून प्रोफाइल निवडून चालू केल्यावर. परवा सहा महिन्यांत पहिल्यांदा ते झालं आणि दुसरी जोडी कामावर हजर झाली. स्विचला ती अनोळखी. अशा वेळी संशय जातो तो स्टोरेजवाल्यांवर, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते. त्यांनी काहीही बदललेलं नसतं.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. एचएमसीच्या कमांड लाइनवर 'एलएसएचडब्ल्यूआरईएस' ने एलपारच्या चालू फायबर चॅनेल अडॅप्टरचे पत्ते काढा आणि स्विचवरच्या झोनमध्ये लिहिलेल्या पत्त्यांशी ताडून बघा. शेवटचे दोन-तीन अंक वेगळे दिसतील. घाईत नजर नेमकी सुरुवातीच्या सारख्या अंकांवर फिरते आणि 'तेच आहे की' असं वाटून जातं, म्हणून शेवटाकडून वाचा.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. नवीन पत्ते झोनमध्ये आणि स्टोरेजवरच्या होस्ट डेफिनिशनमध्ये घाला, मग एलपारवर नवीन डिव्हाइस शोधणारी 'सीएफजीएमजीआर' चालवा, व्हॉल्यूम ग्रुप (एआयएक्समधले डिस्कचे गट) चालू करा. एलपार परत बंद करावा लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे जुने पत्ते परत आणणं. ग्राफिकल स्क्रीनवर पत्ता हाताने भरता येत नसला तरी कमांड लाइनवर 'सीएचसिससीएफजी' वापरून प्रोफाइलमधल्या फायबर चॅनेल अडॅप्टरच्या ओळीत हवे ते पत्ते लिहिता येतात. जुने पत्ते शोधायची जागा स्विचचं झोनिंगच. त्या ओळीचं व्याकरण मात्र छळतं: स्लॉट, क्लायंट की सर्व्हर, समोरच्या पार्टिशनचा आयडी, त्याचं नाव, समोरचा स्लॉट, दोन पत्ते आणि शेवटी अडॅप्टर आवश्यक आहे की नाही, असे भाग तिरप्या रेघांनी वेगळे; पण दोन पत्त्यांच्या मधे स्वल्पविराम, आणि स्वल्पविराम आला की अवतरणचिन्हं दुहेरी-तिहेरी होत जातात. मी ती ओळ आधी टेक्स्ट फाइलमध्ये जुळवतो, मग चिकटवतो. त्यानंतर एलपार बंद करून प्रोफाइलवरून चालू करावा लागतो.

माझं मत विचाराल तर स्टोरेजचा माणूस हाताशी असेल तर पहिला मार्ग. स्विचवर बदलबंदी असेल, किंवा मास्किंगचा पसारा मोठा असेल, तरच दुसरा.

हे पुन्हा होऊ नये म्हणून एकच सवय लावा: डीएलपारने अडॅप्टर दिला की प्रोफाइल हाताने उघडायचं नाही. एचएमसीवरचा 'चालू कॉन्फिगरेशन जतन करा' हा पर्याय वापरून त्याच प्रोफाइलवर लिहायचं. त्याने पहिली जोडी जशीच्या तशी प्रोफाइलमध्ये जाते. एलपारच्या प्रॉपर्टीमध्ये चालू कॉन्फिगरेशन प्रोफाइलशी आपोआप जुळतं ठेवायची सोयही आहे. ती चालू असेल तर हा प्रश्नच येत नाही. फक्त एक सावधगिरी: जतन करताना सगळंच जतन होतं. कुणी तात्पुरती मेमरी कमी केली असेल तर तीही.

व्हर्च्युअल स्कझीत पत्त्यांची भानगड नसल्यामुळे प्रोफाइल हाताने भरलं तरी चालतं. तिथली चूक वेगळी असते. क्लायंटचं प्रोफाइल भरतात, व्हायोसचं विसरतात. व्हायोस वर्षानुवर्षं बंद होत नाही, त्यामुळे कळत नाही. ज्या दिवशी तो प्रोफाइलवरून उठतो त्या दिवशी डीएलपारने दिलेले सर्व्हर अडॅप्टर नसतातच, आणि त्यांच्यावरची मॅपिंग 'डिफाइन्ड' अवस्थेत लोंबकळत राहतात.

आता आखणी.

स्कझी की फायबर चॅनेल, या प्रश्नाचं उत्तर डिस्क कुठे आहे यावर बरंचसं ठरतं. व्हायोसच्या पोटातल्या अंतर्गत डिस्क वाटायच्या असतील तर व्हर्च्युअल स्कझी. व्हर्च्युअल फायबर चॅनेलला एनपीआयव्ही (एकाच भौतिक पोर्टवर अनेक पत्ते चालवायची सोय) येणारं कार्ड लागतं आणि समोर एनपीआयव्ही चालू केलेला स्विच लागतो. सॅन (फायबर चॅनेलच्या जाळ्यावरचं बाहेरचं स्टोरेज) असेल तर मात्र निवड खुली आहे. व्हर्च्युअल स्कझीत लन दोन्ही व्हायोसला दाखवायचं, दोन्हीकडे डिस्कचे गुणधर्म बदलायचे, दोन्हीकडे मॅप करायचं. चार डिस्क असतील तर ठीक. दीडशे डिस्कचा डेटाबेस असेल तर हे तीनशे मॅपिंग आणि तीनशे ठिकाणी चुकायची संधी. फायबर चॅनेलमध्ये लन थेट एलपारच्या पत्त्यावर मास्क होतं, व्हायोस मधला नळ तेवढा. नवीन डिस्क दिली की व्हायोसला हातही लावावा लागत नाही. टेप लायब्ररी थेट एलपारला द्यायची असेल तरी हाच मार्ग.

तरीही बूट डिस्क मी स्कझीवर ठेवतो. फायबर चॅनेलमध्ये मल्टिपाथचा (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते, म्हणजे पाथ, सांभाळणारा) ड्रायव्हर एलपारच्या आत येतो, आणि ज्या ड्रायव्हरवर स्वतःची बूट डिस्क उभी आहे तो बदलताना हात थरथरतो. स्कझीत तो ड्रायव्हर व्हायोसमध्ये राहतो, एलपारला साधी व्हर्च्युअल डिस्क दिसते. पटत नसेल तर दोन्ही फायबर चॅनेलवर ठेवा. चालवणारे पुष्कळ आहेत. एक जाता जाता: क्लायंटवर आयबीएम आय ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर तो ५२० बाइटच्या सेक्टरच्या हिशोबाने लिहितो, आणि ५१२ बाइटच्या डिस्कवर स्कझीमार्गे जाताना आठ सेक्टरचा ऐवज नऊ सेक्टरमध्ये बसवला जातो. जागा त्या प्रमाणात धरा.

स्लॉट नंबर. एचएमसी स्वतःहून पुढचा मोकळा नंबर देते आणि बहुतेक जण तो स्वीकारतात. वर्षभराने व्हायोसवर चाळीस अडॅप्टर असतात आणि कुठला कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. माझी पद्धत अशी: पार्टिशन आयडी ५ असेल तर त्याचे सगळे नंबर ५१ पासून. विषम नंबर पहिल्या व्हायोसचे, सम दुसऱ्याचे, आणि क्लायंट आणि सर्व्हर दोन्ही बाजूंना नंबर एकच. म्हणजे ५१ आणि ५२ स्कझी. ५३ आणि ५५ पहिल्या व्हायोसकडून फायबर चॅनेल. ५४ आणि ५६ दुसऱ्याकडून. आयडी १२ असेल तर १२१ ते १२६. व्हायोसवर १२३ दिसला की काही न उघडता कळतं: बारावा एलपार, पहिला व्हायोस, फायबर चॅनेल.

यासाठी प्रोफाइलमधली व्हर्च्युअल अडॅप्टरची कमाल संख्या आधीच वाढवावी लागते, कारण ती संख्या म्हणजे सर्वांत मोठ्या स्लॉट नंबरची मर्यादा. ती चालू असताना बदलत नाही, पार्टिशन बंद करून प्रोफाइलवरून चालू करावं लागतं. व्हायोससाठी हे काम पहिल्याच दिवशी करा. फार फुगवूही नका, हायपरव्हायजर त्यासाठी थोडी मेमरी राखून ठेवतो. ० आणि १ हे स्लॉट व्हर्च्युअल सीरियल कन्सोलचे, त्यांना हात लावायचा नाही.

ही पद्धत कुठे मोडते तेही सांगतो. लाइव्ह पार्टिशन मोबिलिटीने (चालू एलपारचं स्थलांतर) एलपार दुसऱ्या सर्व्हरवर गेला की तिथल्या व्हायोसवरचे स्लॉट नंबर वेगळे पडू शकतात आणि पार्टिशन आयडीही बदलू शकतो. एचएमसीचा नवीन इंटरफेस तर अडॅप्टर तुमच्यापासून जवळजवळ लपवतोच. तुम्ही डिस्क निवडता, जोडी तो स्वतः करतो. सतत इकडून तिकडे जाणारे एलपार असतील तर नंबरांचा हट्ट सोडा आणि मॅपिंगच्या नावांवर भर द्या.

सर्व्हर अडॅप्टर करताना 'कुठलाही क्लायंट जोडू शकतो' आणि 'निवडलेलाच क्लायंट' असे दोन पर्याय येतात. डिस्कसाठी नेहमी दुसरा. पहिला फक्त डीव्हीडी ड्राइव्हसारख्या, या एलपारवरून त्या एलपारकडे फिरणाऱ्या गोष्टीसाठी. तसंच अडॅप्टरवर 'आवश्यक' अशी खूण करायचा मोह टाळा. खूण केली की तो डीएलपारने काढता येत नाही आणि एलपारचं स्थलांतरही अडतं.

व्हर्च्युअल स्कझीचं प्रत्यक्ष काम असं चालतं. दोन्ही व्हायोसवर लन आलं की आधी तेच लन दोन्हीकडे कुठल्या नावाने आहे ते बघा. पहिल्यावर एचडिस्क७ आणि दुसऱ्यावर एचडिस्क११ असणं अगदी सामान्य आहे. नावावर विसंबू नका, 'सीएचकेडेव्ह' ने युनिक आयडी काढून जुळवा. मग मॅप करण्यापूर्वी, दोन्हीकडे, 'सीएचडेव्ह' ने रिझर्व्ह पॉलिसी 'नो रिझर्व्ह' करा. हे राहिलं तर जो व्हायोस आधी डिस्क उघडतो तो ती अडवून बसतो आणि दुसऱ्याला रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट मिळतो. बाहेरून दिसतं ते एवढंच की एलपारला दोनऐवजी एकच पाथ आला. 'चालतंय ना' म्हणून पुढे गेलेली अशी सिस्टिम मी एकाहून जास्त वेळा पाहिली आहे.

त्यानंतर 'एमकेव्हीडेव्ह' ने मॅपिंग, आणि इथे नाव द्यायचा आळस करू नका. न दिल्यास व्हीटीस्कझी० पासून ओळीने नंबर पडतात. मी एलपारचं छोटं नाव आणि डिस्कचं काम असं जोडून देतो, १५ अक्षरांच्या आत. मॅपिंग पूर्ण डिस्कचंच करा. व्हायोसवर व्हॉल्यूम ग्रुप करून त्यातले लॉजिकल व्हॉल्यूम वाटणं छोट्या जागी सोयीचं वाटतं, पण ते दुसऱ्या व्हायोसमधून दाखवता येत नाहीत आणि तो एलपार स्थलांतरही करता येत नाही.

क्लायंटवर व्हर्च्युअल स्कझीचा मल्टिपाथ फक्त फेलओव्हर प्रकारचा असतो. दोन पाथवर भार वाटला जात नाही. म्हणून निम्म्या एलपारांना पहिला व्हायोस प्राधान्याचा आणि निम्म्यांना दुसरा, असं 'सीएचपाथ' ने प्रायोरिटी देऊन ठेवा. नाहीतर एक व्हायोस घामाघूम आणि दुसरा बघत बसलेला.

क्लायंटवरच्या डिस्कचा एक गुणधर्म आहे, हेल्थ चेक इंटरव्हल. अनेक एलपारवर तो शून्य दिसतो, म्हणजे तपासणी बंद. परिणाम काय? पहिला व्हायोस अपडेट करायला बंद केला, पाथ 'फेल्ड' झाला, दुसऱ्यावरून काम चालू राहिलं. व्हायोस परत उठला, पण पाथ 'फेल्ड' च राहिला, कारण तो परत आलाय का हे कुणी विचारतच नाही. तासाभराने दुसरा व्हायोस अपडेटला घेतला की एलपार जागच्या जागी आडवा. हा गुणधर्म ६० सेकंदांवर ठेवा. बूट डिस्क वापरात असल्यामुळे बदल पुढच्या रीबूटनंतर लागू होतो, म्हणून तो एलपार उभारतानाच करायचा. अडॅप्टरवर एरर रिकव्हरी 'फास्ट फेल' आणि पाथ टाइमआउट ३० सेकंद हेही त्याच बैठकीत.

आता क्यू डेप्थचं, म्हणजे एका डिस्ककडे एका वेळी किती विनंत्या पाठवायच्या याचं गणित. एका व्हर्च्युअल स्कझी क्लायंट अडॅप्टरकडे ५१२ कमांड एलिमेंट (चालू विनंत्यांसाठीच्या जागा) असतात. त्यातले २ अडॅप्टर स्वतःसाठी ठेवतो. प्रत्येक लनमागे ३ एरर रिकव्हरीसाठी बाजूला जातात. उरतात ते प्रत्यक्ष वाचन-लेखनासाठी. म्हणजे ५१० ला क्यू डेप्थ अधिक ३ ने भागा, पूर्णांक घ्या; तेवढी लन त्या अडॅप्टरवर बसतात. क्यू डेप्थ ३ असेल तर ८५ लन. २० केली तर २२. ३२ केली तर फक्त १४. वेग कमी वाटतो म्हणून कुणीतरी चाळीस डिस्कची क्यू डेप्थ एकदम ३२ करतो आणि पुढच्या बूटला शेवटच्या काही डिस्क उघडायला नकार देतात. जास्त डिस्क हव्यात तर अडॅप्टरची आणखी एक जोडी द्या. शिवाय क्लायंटची क्यू डेप्थ व्हायोसवरच्या त्याच भौतिक डिस्कच्या क्यू डेप्थइतकीच ठेवा. क्लायंटला ३२ आणि व्हायोसला १० दिली तर बावीस विनंत्या व्हायोसमध्ये रांगेत उभ्या, फायदा काही नाही.

फायबर चॅनेलकडे वळू. सुरुवात व्हायोसवर 'एलएसएनपोर्ट्स' पासून. प्रत्येक पोर्टसमोर 'फॅब्रिक' नावाचा रकाना आहे. तिथे १ असेल तर स्विच एनपीआयव्ही बोलतो. ० असेल तर पुढे काही करण्यात अर्थ नाही; एकतर स्विचवर ती सोय बंद आहे किंवा केबलच नाही. शेजारच्या रकान्यात एकूण पोर्ट साधारणपणे ६४ आणि उरलेले किती ते दिसतं.

मग एचएमसीवर सर्व्हर आणि क्लायंट अडॅप्टरची जोडी, व्हायोसवर 'सीएफजीडेव्ह', नवीन आलेला व्हीएफसीहोस्ट (व्हायोसवर दिसणारा सर्व्हर अडॅप्टर), आणि 'व्हीएफसीमॅप' ने तो भौतिक पोर्टला बांधायचा. एकाच एलपारचे दोन अडॅप्टर एकाच भौतिक पोर्टवर बांधू नका. संख्या वाढते, सुरक्षितता नाही. चार अडॅप्टर असतील तर प्रत्येक व्हायोसमधून एक या फॅब्रिकवर (स्विचच्या जाळ्यावर) आणि एक त्या.

झोनिंगमध्ये एक चूक हटकून होते. दोन पत्त्यांपैकी एका वेळी एकच जागा असतो. दुसरा स्थलांतराच्या वेळी कामाला येतो, कारण तेव्हा नवीन सर्व्हरवर दुसऱ्या पत्त्याने लॉगिन होतं आणि मग जुना सोडला जातो. स्टोरेजच्या माणसाला स्विचवर तो कधीच दिसत नाही. त्याला वाटतं मेलेला पत्ता आहे, आणि साफसफाईत तो उडवतो. दोन वर्षांनी स्थलांतराची तपासणी नापास होते आणि कारण शोधायला दिवस जातो. झोनिंग आणि मास्किंग दोन्हीत दोन्ही पत्ते हवेत. नवीन एलपारवर अजून ऑपरेटिंग सिस्टिमच नसेल तर पत्ते स्विचला दिसणार कसे, यावर एचएमसीवरची 'सीएचएनपोर्टलॉगिन' ही कमांड आहे. एलपार बंद असताना ती दोन्ही पत्ते स्विचवर लॉगिन करून दाखवते. स्टोरेजच्या माणसाचं काम झालं की त्याच कमांडने लॉगआउट करायला विसरू नका.

आणखी एक सापळा मॅक्स ट्रान्सफर साइजचा, म्हणजे एका विनंतीत जास्तीत जास्त किती डेटा जाईल त्या आकड्याचा. एलपारमधल्या व्हर्च्युअल फायबर अडॅप्टरवर हा आकडा व्हायोसच्या भौतिक पोर्टपेक्षा मोठा ठेवला तर अडॅप्टर कॉन्फिगरच होत नाही, आणि बूट डिस्क त्याच्यावर असेल तर एलपार उठत नाही. कमांड एलिमेंटच्या आकड्यालाही हाच क्रम: आधी दोन्ही व्हायोस, त्यांचा रीबूट, मग क्लायंट. स्थलांतर होणार असेल तर ज्या सर्व्हरवर जायचं तिथले व्हायोसही धरा.

आता माझी स्वतःची फजिती, कारण ती वाचून तुमची टळेल. १० नंबरच्या एलपारची एक जुनी डिस्क काढायची होती. व्हायोसवर 'एलएसमॅप -ऑल' चालवलं, क्लायंट पार्टिशन आयडीच्या रकान्यात ०एक्स००००००१० दिसलं, शांतपणे ते मॅपिंग काढून टाकलं. व्हायोसने हूं की चूं केलं नाही. क्लायंट डिस्क वापरत असला तरी तो मॅपिंग काढू देतो. पाच मिनिटांत भलत्याच टीमचा फोन आला. १६ नंबरच्या एलपारच्या एरर लॉगमध्ये डिस्कच्या नोंदींचा पाऊस पडत होता. तो रकाना सोळाच्या पायावर लिहिलेला असतो. तिथलं १० म्हणजे आपलं १६, आणि आपलं १० तिथे ०एक्स०००००००ए असं दिसतं. दुसऱ्या व्हायोसवरचा पाथ शाबूत होता म्हणून एलपार वाचला. तीच डिस्क त्याच व्हीहोस्टवर (व्हायोसवरचा स्कझी सर्व्हर अडॅप्टर) परत मॅप केली, क्लायंटवर 'सीएफजीएमजीआर' चालवलं, पाथ परत आला. तेव्हापासून मी आयडीवर एकट्यावर कधीच भरवसा ठेवत नाही.

जुळवणी दोन्ही टोकांनी करायची. एलपारवर डिस्कचा लोकेशन कोड काढा. त्याचा शेवट '-व्ही५-सी५१-टी१-एल८१…' असा काहीसा असतो. व्ही नंतरचा पार्टिशनचा आयडी, तोही साध्या दशमान पद्धतीत. सी नंतरचा व्हर्च्युअल स्लॉट, आणि एल नंतरचा मोठा आकडा म्हणजे लन. व्हायोसवर 'एलएसमॅप' मध्ये व्हीहोस्टसमोर व्हायोसचा स्वतःचा '-व्ही१-सी५१' असा कोड आणि मॅपिंगखाली तोच लनचा आकडा दिसतो. माझ्या नंबरांच्या पद्धतीत सी नंतरचा आकडा दोन्हीकडे सारखा येतो, हा तिचा खरा उपयोग. एआयएक्सवर रूट असाल तर केडीबीला (एआयएक्सचा डीबगर) 'सीव्हीएआय' विचारून कुठला व्हीस्कझी (क्लायंटचा स्कझी अडॅप्टर) कुठल्या व्हायोसच्या कुठल्या व्हीहोस्टला जोडलाय हे सरळ नावानिशी मिळतं. फायबर चॅनेलसाठी तिथेच 'व्हीएफसीएस'.

डीएलपार चालतच नसेल तर बहुतेक वेळा एचएमसी आणि एलपारमधलं आरएमसी कनेक्शन तुटलेलं असतं. फायरवॉलवर पोर्ट ६५७ दोन्ही दिशांनी उघडं आहे ना, ते आधी बघा.

एलपार वापरात देण्यापूर्वी एक चाचणी घ्या आणि ती टाळू नका. पहिला व्हायोस बंद करा. एलपारवर 'एलएसपाथ' मध्ये निम्मे पाथ पडलेले दिसले पाहिजेत आणि काम चालू राहिलं पाहिजे. तो उठवा, हात न लावता सगळे पाथ 'इनेबल्ड' होतात का बघा. झाले तरच दुसरा बंद करा. आणि मग एलपार पूर्ण बंद करून प्रोफाइलवरून एकदा चालू करा. परवा तुम्हाला जे दिसलं ते पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

बॅकअपसाठी दोन्ही व्हायोसवर 'व्हायोसबीआर' रोज चालेल असं लावा. त्याला किती फाइल ठेवायच्या तेही सांगता येतं. त्या फाइल पीअ‍ॅडमिनच्या (व्हायोसचा प्रशासक युजर) होम डिरेक्टरीतल्या सीएफजीबॅकअप्समध्ये पडतात, म्हणजे व्हायोसच्याच डिस्कवर, त्यामुळे तिथून बाहेर उचला. प्रोफाइलचा बॅकअप वेगळा, तो एचएमसीवर 'बीकेप्रोफडेटा' ने.

तुमच्या बाबतीत सोमवारी करायचं काम एवढंच: चालू कॉन्फिगरेशनमधून दोन अडॅप्टरचे चार पत्ते काढा, चारही स्टोरेजच्या माणसाला द्या आणि त्यातले दोन त्याला स्विचवर दिसणार नाहीत हे आधीच सांगून ठेवा. डिस्क आल्या, व्हॉल्यूम ग्रुप उघडला, की सहा महिन्यांपूर्वीचे चार पत्ते झोनमधून काढायला लावा. प्रोफाइलला हात लावू नका. आत्ता त्यात जे आहे तेच चालू आहे.